ट्रॉयच्या बर्फात माझी सायकल

टॉवेल फक्त माझ्या जागेवर असायचा. काकांच्या गाडीत, मागच्या सीटवर, उजवीकडे. जुना, पिवळट, कडा उसवलेला. काका म्हणायचे, "बर्फानं सीट खराब होते गं." मी मान डोलवायची. खरं वाटायचं मला. इतकी मी बावळट!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ट्रॉय, मिशिगन. मी भंडाऱ्याकडची, कंपनीनं व्हिसा काढून आणलेली, मोटारीच्या सुट्या भागांची डिझाइनं कॉम्प्युटरवर करणारी. गाडी नाही, लायसन्स नाही. काका नात्यातले नाहीत, त्याच कंपनीत जुने, मोठ्या हुद्द्यावर. मराठी मुलगी म्हणून त्यांनी आपण होऊन राइड देऊ केली. पहिला महिना मी पुढच्या सीटवर बसत होते. मग एका रविवारी त्यांच्या घरी जेवायला गेले. काकूंनी वाढता वाढता विचारलं, "तुझ्या आडनावावरून काही कळत नाही गं. तुम्ही नक्की कोण?"

"आम्ही बौद्ध."

"हो का? छान, छान," काकू म्हणाल्या. हातातली भाजी मला वाढायची राहूनच गेली.

सोमवारी पुढच्या सीटवर काकांची बॅग होती. मागे टॉवेल. मी दोन आणि दोन चार केलेच नाहीत. करायचेच नव्हते मला. बाहेर पारा शून्याखाली आणि दारात गरम गाडी. त्या गरम गाडीसाठी मी दोन महिने टॉवेलवर बसले. आज लिहितानाही स्वतःची चीड येते.

जानेवारीत पुण्याहून एक नवा इंजिनिअर आला. माझ्याच बिल्डिंगमध्ये राहायला. काकांनी त्यालाही राइड देऊ केली. त्या सकाळी आम्ही दोघं एकाच बर्फातून चालत गाडीपाशी गेलो. त्यानं मागचं दार उघडलं आणि बसला टॉवेलवर.

"अरे अरे, तिथे नको!" काका ओरडलेच. "ती हिची जागा आहे. तू पुढे ये." बॅग उचलली. वर म्हणाले, "पँट झटकून घे जरा."

त्यानं पँट झटकली. पुढे बसला. त्याच्या बुटांचा बर्फ काकांच्या चटईवर वितळायला लागला. काका अवाक्षर बोलले नाहीत. सीटवर टॉवेल नव्हता.

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली.

"काका, ह्याच्याही बुटांना बर्फच आहे."

"बाहेर काय थंडी आहे बघतेस ना? उगाच नाटक करू नकोस."

मी दार उघडलं आणि उतरले. मागे वळून पाहिलं नाही. ऑफिसपर्यंत पाऊण तास चालले. पापण्यांवरचं पाणी गोठत होतं. रडत होते, पण संतापानं.

शनिवारी चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानातून सायकल आणली. बाबांचं एसटी स्टँडसमोर पंक्चरचं दुकान होतं. टायरमध्ये घुसलेले खिळे काढायला मला त्यांनी शिकवलं होतं. त्याच हातांनी मी टायरला आतून बारीक स्क्रू पिळले, टोकं बाहेर काढून. आत जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे नवी ट्यूब फाटू नये. बर्फावर टायर काय पकडायचा! पहिल्या सकाळी मी मोठ्यानं हसले एकटीच.

आठवडाभरात काकूंचा फोन. "अगं, आम्हाला लोक नावं ठेवतात. आपली मुलगी सायकलवर फिरते म्हणून. काका येतील घ्यायला."

"टॉवेल न टाकता?"

मग काकू म्हणाल्या, "तुम्ही लोक ना, फार मनाला लावून घेता."

तुम्ही लोक. मी फोन ठेवला.

काकांना मी पुरून उरले. रस्त्याला पुरून उरता येईना. नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक यायचा आणि मोटारींचा रस्ता लख्ख करून सगळा बर्फ फुटपाथवर लोटायचा. कमरेइतका ढीग. मी सायकल खांद्यावर घेऊन चालायची. रस्त्यावर उतरलं की मोटारी हॉर्न मारत अंगावर यायच्या. एकदा पडले, कोपर फुटलं. महिन्यात तीनदा उशीर झाला. साहेबानं बोलावून सांगितलं, "आणखी एकदा झालं तर मला काही करता येणार नाही." नोकरी गेली की व्हिसा गेला. म्हणजे सरळ भंडारा. नाहीतर हात जोडून काकांच्या दारात. दुसरं मी मेले तरी करणार नव्हते.

मग मी नगरपालिकेच्या सभेला गेले. कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं तिथे. हेल्मेट काखेत, इंग्रजी अडखळत. म्हटलं, फुटपाथवरचा बर्फ काढा. मला कामावर जायचं असतं.

अध्यक्ष हसून म्हणाले, "मॅडम, इथे हिवाळ्यात कोणी सायकल चालवत नाही."

"मी चालवते. आत्ताही चालवतच आलेय."

मागून एक काळी बाई उठली. हॉटेलात साफसफाई करणारी. म्हणाली, "मी चालत जाते. त्याच रस्त्याच्या कडेनं. रोज."

अध्यक्षांचं हसू गेलं. घड्याळाकडे बघत ते म्हणाले, "एप्रिलपर्यंत थांबा. बर्फ आपोआप वितळेल."

थांबा! माझ्या आजीला गावच्या विहिरीपाशी हेच ऐकवायचे. थांब, आधी आमचं होऊ दे. ती रिकामी घागर घेऊन तासन् तास उन्हात उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेपर्यंत. मी नाही उभी राहणार.

माइक अजून चालू होता. मी म्हटलं, "मी पुढच्या सभेला येईन. त्याच्या पुढच्याही. एकटी येणार नाही, चालत जाणाऱ्या प्रत्येकाला घेऊन येईन. नोकरी जाईल कदाचित. मला परतही पाठवतील. पण इथे आहे तोवर मी याच रस्त्यानं, माझ्या सायकलवर कामावर जाणार. मोटारींना रस्ता साफ मिळतो, तो कुणाच्या मेहेरबानीनं नाही. मलाही तसाच पाहिजे. एप्रिलमध्ये नाही, आत्ता."