साडेचार किलोची लेक

लग्नाआधीपासून मी गंगाखेडच्या एका दवाखान्यात रक्त आणि लघवी तपासायचं काम करायची. लघवीतली साखर बघायची रीत तेव्हा साधी होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत होत विटकरी झालं, तर साखर भरपूर. दिवसाला कितीतरी नळ्या मी उकळायची. स्वतःची मात्र कधी तपासली नव्हती. पंचविशीतली धडधाकट बाई मी, मला काय होणार?

पहिलटकरीण होते. आठव्या महिन्यात पोट असं वाढलं की बघणाऱ्या बाया जुळं आहे म्हणायच्या. तहान इतकी की पाण्याचा तांब्या हाताशीच लागायचा. सासूबाई खूष होत्या. म्हणायच्या, "लेकरू लय तगडं हाय. खा, पोरी, दोन जिवांची हायेस." आणि मी खायची. शिऱ्याची वाटी, डिंकाचा लाडू, वरून गोड चहा.

एका दुपारी दवाखान्यात पेशंट नव्हते. सहज म्हणून स्वतःची लघवी नळीत घातली. उकळी फुटायच्या आतच रंग विटकरी झाला. नळी धुतलेली नसेल म्हणून नवीन घेतली. तोच रंग. मग मात्र मी उठले आणि आमच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नळी नेऊन ठेवली.

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझीच."

त्यांनी चष्मा काढला. "नुसत्या लघवीवर जाऊ नकोस. उद्या उपाशीपोटी रक्त दे आणि जेवल्यावर परत दे."

दोन्ही वेळा साखर जास्त निघाली. गरोदरपणातला मधुमेह. बाईंनी त्याच आठवड्यात मला परभणीला पाठवलं. तिथं गोड बंद झालं, इन्सुलिन सुरू झालं. पण आठवा महिना सरत आला होता. व्हायची ती वाढ आतल्या आत झालीच होती.

परभणीच्या दवाखान्यातलं ते बाळंतपण अवघड गेलं, पण पार पडलं. मुलगी झाली, साडेचार किलोची. गाल वर आलेले, मनगटाला वळ्या. सासूबाईंनी आधी तिच्या गालाला काजळाचं बोट लावलं. बघायला आलेली प्रत्येक बाई म्हणायची, "दोन महिन्यांचं लेकरू दिसायलंय की ओ!"

दोन तास झाले असतील. मुलगी थरथरायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "थंडी वाजायलीय तिला," आणि त्यांनी दुपट्यावर दुपटं गुंडाळलं. मी तिचे पाय हातात घेतले. ते गार नव्हते. अंगाशी घेतलं तर ती तोंड उघडेना, मान टाकून पडली. मी नर्सबाईंना हाक मारली आणि सांगितलं, "माझी साखर जास्त होती. हिची साखर बघा, आत्ताच्या आत्ता."

मुलांचे डॉक्टर धावत आले. तिच्या टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. साखर फार खाली गेली होती. हाताच्या बारीकशा शिरेतून त्यांनी ग्लुकोज सुरू केलं. थोड्या वेळानं थरथर थांबली आणि मुलगी मोठ्यानं रडली. इतकं गोड रडणं मी आजवर ऐकलेलं नाही.

सासूबाईंना मात्र चैन पडेना. त्या डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आईच्या अंगात साखर जास्त अन् लेकराच्या कमी? ह्ये कसं काय, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर हसले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आजी, पोटात असताना आईची साखर नाळेतून बाळाकडं जाते. आईची जास्त, म्हणून बाळालाही जास्त. ती जिरवायला बाळाचं शरीर स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवतं. म्हणून तर ते इतकं गुबगुबीत झालं. आता नाळ कापली. साखर यायची बंद झाली, पण इन्सुलिन बनवायची सवय लगेच कशी जाईल? ते आहे ती साखर पण संपवून टाकतं."

सासूबाईंनी मुलीच्या मनगटावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी ती वळी, त्ये बाळसं न्हवं?"

"नव्हे. आता दर दोन तासांनी तिला आईचं दूध पाजा."

"पर आमच्यात पयले तीन दिवस चीक पिळून टाकतेत. गूळपाणी देतेत."

"आत्याबाई," मी पडल्या पडल्याच सासूबाईंना म्हणाले, "मी चीकच पाजणार." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्या घरात तोवर मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं आणि उशी उचलून माझ्या पाठीशी लावली.

तिसऱ्या दिवशी सलाईन निघालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "वर्ष-दीड वर्षात हिचं वजन बाकीच्या मुलींसारखं होईल. पण पाच-सहा वर्षांची झाली की लक्ष ठेवा. अशी मुलं पुढं जाड व्हायचा संभव जास्त असतो. होतीलच असं नाही. आणि तुम्ही दरवर्षी स्वतःची साखर तपासत जा."

झालंही तसंच. दीड वर्षाची झाली तेव्हा ती चारचौघींसारखी दिसायची, आणि तिच्या वजनाची काळजी आम्ही विसरलो. पहिलीत गेली नि एक दिवस शाळेतून रडत आली. फ्रॉक बगलेत उसवला होता आणि पोरं तिला "गोणी, गोणी" म्हणून चिडवत होती. मी तिला दवाखान्यात नेऊन वजन केलं. चौथीतल्या मुलीचं असावं तेवढं भरलं.

सासूबाईंचं म्हणणं, "खात्यापित्या घरचं लेकरू हाय, आसंच आसणार." मी त्यांना परभणीच्या डॉक्टरांच्या शब्दांची आठवण करून दिली. संध्याकाळी त्यांनी स्वतःच गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

मुलीला उपाशी मात्र आम्ही एक दिवसही ठेवलं नाही, आणि तिचं ताट वेगळं केलं नाही. सगळ्यांनाच ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, काकडी. बिस्किटाचा पुडा घरात येईनासा झाला. आमचे हे शाळेत मास्तर होते, त्यांना पोहण्याचा नाद. उन्हाळ्यात ते रोज सकाळी तिला गोदावरीवर न्यायचे, बुडू नये म्हणून पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून पाण्यात सोडायचे. महिनाभरात डबा सुटला.

त्याच सुमारास मला पुन्हा दिवस गेले. या वेळी तिसऱ्या महिन्यातच रक्त तपासलं, साखर जास्त निघाली आणि इन्सुलिन सुरू झालं. काचेची सिरिंज उकळायची, मांडीत टोचून घ्यायचं. फ्रिज नव्हता. बाटली डबीत घालून माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवायची. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, एसटी कधी बंद पडेल सांगता यायचं नाही. म्हणून परभणीहून एक बाटली नेहमी जास्तीची आणून ठेवलेली असायची. पोर झालं तेव्हा तीन किलोच्या जरा वर होतं. त्याची साखर चार वेळा तपासली, चारही वेळा बरोबर.

"लय बारीक की गं," सासूबाई म्हणाल्या. पण या खेपेला पहिल्या तासातच त्यांनी स्वतः त्याला माझ्या अंगाशी दिलं.

मोठीचं वजन एका वर्षात उतरलं असं नाही. ती बारीक कधी झालीच नाही. उंची वाढत गेली आणि वजन रेंगाळत राहिलं. सहावी-सातवीपर्यंत ती आडव्या हाडाची, जोमदार मुलगी झाली होती. मला मात्र चाळिशीत मधुमेह झालाच. दरवर्षी तपासत होते म्हणून सुरुवातीलाच सापडला, आणि तो मी नीट सांभाळला.

एकदा मानवतची एक नातेवाईक बाई घरी आली होती. पोहून आलेली, केस ओले असलेली मुलगी पाहून हळहळली, "आगं बया, पोरगी वाळली की! लहानपणी कशी गुटगुटीत व्हती."

सासूबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाळली न्हाई. वाढली. तुमी बसा, जेवून जावा."