हरेश्वरचा एकट्याचा फोटो

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जायचो. कॉम्प्युटर रिपेअर करणारा माणूस मी... मशीन बिघडतं त्याला कारण असतंच, सापडत नसेल तर आपण ढ, एवढं माझं तत्त्वज्ञान. आजही फारसं बदललेलं नाही. म्हणूनच ही गोष्ट जास्त छळते.

२००६च्या आसपास भाईंदर ईस्टला, इंद्रलोकमध्ये माझं छोटं दुकान होतं. जवळच्या उत्तनच्या कोळीवाड्यातला जनार्दन एक डिजिटल कॅमेरा घेऊन आला. त्याचा धाकटा भाऊ हरेश्वर बोटीवरून समुद्रात पडला होता, बॉडी मिळाली नव्हती. घरच्यांनी दिवसकार्य करायचं ठरवलं होतं, त्यासाठी फोटो हवा होता.

कॅमेऱ्यात मेमरी कार्ड नव्हतं, फोटो आतल्या मेमरीत. म्हणजे यूएसबी केबलशिवाय रस्ता नाही. माझ्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला लावला. लग्नाचे फोटो धडाधड आले. हरेश्वरचा एकट्याचा, पांढऱ्या शर्टातला फोटो आला की स्पीड रांगायला लागायचा आणि कनेक्शन तुटायचं. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मात्र तोच फोटो स्वच्छ दिसत होता!

"अरे, ग्रुपमधला कापून मोठा करून देतो ना," मी वैतागून म्हटलं.

"न्हाय भाऊ. जित्या माणसांतून कापून हाराचा फोटो करत न्हाय आमच्या घरात."

झालं. केबल बदलली. मधला हब काढून कॅमेरा थेट मागच्या पोर्टला लावला. यूएसबीचा फास्ट ड्रायव्हर काढून जुन्या, धीम्या मोडवर चालवलं. कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये तेच — जोडलं, तुटलं, जोडलं, तुटलं. शेजारच्या सायबर कॅफेतल्या विंडोजवरही तीच रड. माझा पेन ड्राइव्ह त्याच पोर्टला मस्त चालत होता. डोक्याची पार मंडई झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनार्दनबरोबर त्याची आई आली.

"आला का फोटो?"

"नाही मावशी, अजून करतोय."

खोटं नाही सांगत, तिला बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसलं. "माझा पोर यायचा हाय अजून. हार कसला घालताय त्याला?"

"आये, सुनंदा रोज दारात बसते," जनार्दन म्हणाला. सुनंदा म्हणजे हरेश्वरची बायको. "किती बसवायची तिला? पोरगी खात न्हाय, झोपत न्हाय."

म्हातारीने केबलला जोडलेल्या कॅमेऱ्यावर हात ठेवला. "ये बाळा. घालू दे त्यांना हार. मी न्हाय अडवत आता."

मी कशालाही हात लावला नव्हता. अडकलेली कॉपी सुरू झाली आणि फुल स्पीडने संपली. फोटो उघडला... पांढरा शर्ट, सरळ बघणारा हसरा मुलगा. मला भीतीपेक्षा रडू जास्त आलं.

जनार्दन तोंड फिरवून उभा राहिला. म्हातारीने फोटो डोळे भरून पाहिला, मग मला विचारलं, "मी न्हायच म्हणत रायली असती तर... घरला आला असता का रं तो?"

वायर, पोर्ट, करंट... नंतर मी सगळं तपासलं. एकही कारण लागू होत नाही. आणि हरेश्वरची बॉडी आजतागायत मिळालेली नाही.