उष्टावणाचा मामा

मुलीच्या जन्माच्या वेळी माझी पहिली बायको मरता मरता वाचली. तिला पुन्हा त्यातून जायला लावायचं नाही, म्हणून मी नसबंदी करून घेतली. कारखान्यातल्या मित्रांनी माझी यथेच्छ टिंगल केली. बायको मात्र हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही ते अभिमानानं सांगायची. मुलगी हे ऐकतच मोठी झाली.

पुढे बायको आजारपणात गेली, मुलगी लग्न होऊन कळव्याला गेली आणि ठाकुर्लीच्या घरात मी एकटा उरलो. “बाबा, डब्यावर किती दिवस काढणार?” असं म्हणत मुलीनंच मागे लागून माझं दुसरं लग्न लावलं. ही मोहन्याची. आईवडिलांचं करता करता लग्नाचं राहून गेलेली. हिनं मूल कधी मागितलं नाही, पण शेजारचं तान्हं मांडीवर आलं की हिला ते परत देववायचं नाही. शेवटी नस पुन्हा जोडता येते का विचारायला मी ठाण्याला डॉक्टरांकडे गेलो. मी इलेक्ट्रिकल फिटर आहे म्हटल्यावर ते हसले.

“मग तुम्हाला वेगळं काय सांगू? जोड मी मारून देतो. सप्लाय येईलच याची गॅरंटी नाही.”

सप्लाय आला. बावन्नाव्या वर्षी मला मुलगा झाला. त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारताना गुडघे कुरकुरायचे, तरी मला त्याला खाली ठेववायचं नाही. आता मलाही तोच रोग लागला होता.

मुलगी मात्र दुखावली. “आईसाठी केलेलं होतं ते, बाबा. तेवढं तरी राहू द्यायचं.” ते जसं तिच्या आईसाठी केलं, तसंच हे हिच्यासाठी, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. तिनं ठाकुर्लीला येणंच सोडलं. वर्षभरानं तिलाही मुलगा झाला. बारशाला तिनं आम्हाला बोलावलं, आग्रहानं जेवायला वाढलं, पण माझ्या मुलाला जवळ घेतलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी तिचा फोन आला.

“बाबा, रविवारी बाळाचं उष्टावण आहे. पहिला घास भरवायला मामा लागतो. सासूबाई माझ्या मावसभावाला सांगणार होत्या. म्हटलं, आपला असताना दुसऱ्याचा कशाला? घेऊन या त्याला.”

मी नुसतं ‘हो’ म्हणालो.

मामा अजून डायपरमध्येच होता. बायकोनं भाच्यासाठी चांदीची वाटी घेतली आणि मामाला झब्बा. भाच्याला मामाच्या मांडीवर बसवायचं असतं, पण इथे मामालाच कुणीतरी धरून बसायला हवं होतं. मुलगी पाटावर बसली. एका मांडीवर तिनं लेक घेतला, दुसऱ्या मांडीवर भाऊ. बोटातली अंगठी काढून तिनं खिरीत बुडवली आणि भावाच्या मुठीत दिली. ती अंगठी तिच्या आईची होती. माझ्या चिरंजीवांनी ती सरळ स्वतःच्या तोंडात घातली.

“अरे मामा, भाच्याला दे ना! स्वतः काय खातोयस?”

ती खळखळून हसली. अंगठी पदराला पुसून तिनं पुन्हा खिरीत बुडवली, भावाची मूठ आपल्या हातात धरली आणि लेकाच्या ओठांना लावली. मला रडू आवरेना. पहिलीचे आभार मानू, दुसरीचे, त्या डॉक्टरांचे की या पोरीचे, काही कळत नव्हतं.

निघताना तिनं भावाला कडेवर घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि त्याला माझ्या बायकोच्या हातात देत म्हणाली, “मावशी, जावळ काढायलाही मामाचीच मांडी लागते. तोवर याला जरा खाऊपिऊ घाला.”