एकोणिसावा पास

तोहाप दामानिकला अख्खा बाह सोरमा मळा 'कोयता' म्हणायचा. पामचे घड तो लांब दांड्याच्या कोयत्यानं उतरवायचा, हे एक कारण. खरं कारण मैदानावरचं. तो बचावात उभा असला की समोरचा बॉल सोडून आधी स्वतःचे पाय सांभाळायचा.

चोविसाव्या वर्षी त्यानं शेजारच्या दोलोक मारिंगिन गावच्या यासमेन सारागीच्या नडगीवर दोन्ही पायांनी उडी घेतली. हाड कातडी फाडून बाहेर आलं. यासमेन पुन्हा कधी काठीशिवाय चालला नाही. पंधरवड्यानं यासमेनच्या भावांनी तोहापला ताडीच्या गुत्त्यात गाठलं आणि मानेपासून कमरेपर्यंत त्याची पाठ उघडी केली. बेचाळीस टाके पडले. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी डुक्कर कापलं, एकत्र जेवण घातलं आणि फिट्टंफाट झाली असं जाहीर केलं.

शेहेचाळिसाव्या वर्षी तोहापच्या हाती मळ्याची टीम आली. पोरांना वाटलं, आता लाथा घालायला शिकवणार. तो म्हणाला, "बॉल आपल्याजवळ असला तर मारायचं कुणाला, गाढवांनो? ठेवा जवळ."

त्यांनी ठेवला. पहिल्या वर्षी इतका ठेवला, की सगळेच्या सगळे पुढं गेले, आणि तेल गिरणीच्या टीमनं दोन लांब फटक्यांत मागचं मोकळं रान लुटून पाच गोल घातले. तेव्हापासून तोहाप पामची फळं मातीत मांडून बसू लागला. डावीकडचा वर गेला की उजवीकडच्यानं आत सरकायचं. बॉल गेला तर सहा पावलं तुटून पडायचं. नाही मिळाला तर मुकाट मागं पळायचं. आणि दोन बचाववाल्यांच्या पुढं एकजण कायम थांबलेला. तो रिमसन पुर्बा, तोहापच्या बहिणीचा मुलगा, बावीस वर्षांचा.

"तू दाराची कडी," तोहाप त्याला सांगे. "घरचे सगळे जत्रेला गेले तरी कडी जात नाही."

"तुलांग, मी जत्रा बघायचीच नाही का कधी?" रिमसन विचारी. आमच्याकडे मामाला तुलांग म्हणतात, आणि मामाचा शब्द कुणी मोडत नाही.

ऑगस्टमधल्या सामन्यांत मळ्याची टीम अंतिम फेरीत पोचली. समोर दोलोक मारिंगिन. त्यांना शिकवणारा यासमेन काठी टेकत मैदानाच्या कडेला आला.

"काय रे कोयत्या, धार गेली म्हणतात?"

"गेली, लाए," तोहाप म्हणाला. बरोबरीच्या पुरुषाला आमच्याकडे लाए म्हणतात. "आता मी पाय मोडत नाही, नुसते दमवतो."

यासमेन हसला नाही.

अर्ध्या तासात मळ्यानं गोल केला. मग मारिंगिनवाल्यांनी मारायला घेतलं. त्यांचा धिप्पाड बचाववाला लामहोत यानं एकाचं नाक कोपरानं फोडलं. दुसऱ्याच्या बरगडीत गुडघा बसला. पंचानं शिट्टी तोंडाकडे नेली, की कडेची माणसं दगड दाखवत; तो शिट्टी खाली करी. पण मळ्याची पोरं उलटून पडली नाहीत. बॉल फिरत राहिला, रिमसन जागेवर राहिला, आणि मारिंगिनला एकदाही गोलापर्यंत जाता आलं नाही.

दहा मिनिटं उरली. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं: सगळे मागं, बॉल लांब झाडांत. तोहापनं हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मळ्याच्या बायकांनी पास मोजायला सुरुवात केली. चार! पाच! सहा! मारिंगिनचा एकजण बॉलमागं धावताना तोंडावर आपटला. हशा पिकला. अकरा! बारा! मारिंगिनचे लोक आता आपल्याच यासमेनला केळीची सालं फेकून मारत होते. "लंगड्या, पोरंही लंगडीच तयार केलीस का?"

तोहापला ते गोड लागलं. पाठीवरचे बेचाळीसही टाके सुखावले. त्यानं हात उडवला. "रिमसन, पुढं जा!"

"मी? मागं कोण?"

"जा म्हणतो ना! नाचव त्यांना!"

एकोणिसावा पास रिमसनकडे आला. पाठ लामहोतकडे. यासमेन एवढंच ओरडला, "लामहोत, पाय!"

लामहोत मागून दोन्ही पायांनी आला. रिमसनचा गुडघा उलट्या बाजूला वळला. तो आवाज तोहापनं आयुष्यात एकदाच ऐकला होता.

त्यानं कोपऱ्यातल्या झेंड्याचा बांबू उपटला आणि लामहोतच्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसरा घाव घातला तेव्हा दोन्ही गावं मैदानात उतरली होती. दगड, सायकलची साखळी, बाकाच्या फळ्या. कुणाचे दात गवतात पडले. पंच तारेच्या कुंपणावरून उडी मारताना अडकला, तर त्यालाही धुतला. लोंढ्यानं तोहापला लोटलं, तो कोसळला तो यासमेनच्या अंगावर. वरून बूट पडत होते. यासमेन त्याच्या कानाशी म्हणाला, "पाय घेतलास तो खेळताना घेतलास. आज तू लोकांना माझ्यावर हसवलंस." आणि काठीचं टोक त्यानं तोहापच्या डाव्या डोळ्यात खुपसलं.

पोलिसांनी हवेत गोळ्या झाडल्या तेव्हा पांगापांग झाली. सामना रद्द ठरला. तोहापचा डोळा गेला, वर त्याला सात महिन्यांची कैद. यासमेनला एक वर्ष. बहीण तुरुंगात भेटायला आली नाही.

सुटल्यावर तो पहिल्यांदा रिमसनकडे गेला. रिमसन ओट्यावर पाय लांब करून बसला होता. गुडघा आता वाकत नव्हता.

"तुलांग, एकच सांगा. मला पुढं का धाडलंत?"

खोटं सांगायला जागा होती. दुसरा गोल हवा होता, असं म्हणता आलं असतं.

"लोक हसत होते," तोहाप म्हणाला. "मला ते थांबायला नको होतं."

रिमसननं दोन्ही हातांनी आपला पाय ओट्यावरून खाली उतरवला. मग म्हणाला, "टीम आता मी शिकवणार. तुम्ही कडेला उभं राहायचं नाही."

मामाला भाच्यानं असं बोलायची आमच्यात रीत नाही. तोहापनं मान डोलावली.

आता रिमसन खुर्चीवर बसून ओरडतो. त्याची पोरंही बॉल छान फिरवतात, पण गोल झाला आणि वेळ संपत आली की बॉल सरळ पामच्या रांगांत भिरकावतात. लोक चिडतात, शिव्या घालतात. झाडांत एका डोळ्याचा म्हातारा उभा असतो. तो बॉल शोधून आणतो. सावकाश आणतो.