घर दाखवताना
ओल्या चुन्याचा वास आला की जळगावचं आमचं विकलेलं घर आठवतं. दलालाने बजावलं होतं, ‘‘अक्का, घराला चुना लावा, अन् गिऱ्हाईक आलं की घरातल्या बाईनं बोलायचं नाही.’’ भर उन्हाळ्यात एक नवं जोडपं आलं. परसातल्या निंबाखाली ती हरखून म्हणाली, ‘‘इथे झोका बांधू या.’’ तिचा नवरा लगेच फांदी शोधू लागला. मी तोच झोका आमच्या ह्यांच्याकडे वर्षानुवर्षं मागत होते. मी बोललेच, ‘‘स्वयंपाकघर दुपारी भट्टीसारखं तापतं हं!’’ दलालाने डोळे वटारले. नवरा मात्र तिला म्हणाला, ‘‘मग तुझा स्टो मी रोज इथे सावलीत आणून ठेवीन.’’ घर त्यांनीच घेतलं. आज मी त्याहून मोठ्या घरात राहते, तरी त्या बाईचा हेवा अजून वाटतो.