सिस्टरांच्या सहा खोल्या

सिस्टर एखादी जागा बघायला निघाल्या की मे महिन्यात, भर दुपारी निघायच्या आणि सोबत पाणी घ्यायच्या नाहीत. प्लॉटच्या आसपासच्या तीन घरी जाऊन त्या प्यायला पाणी मागायच्या. पाणी कोणी नाकारत नाही. पण तांब्या भरून येतो की अर्धा पेला, देणाऱ्या बाईला रांजणाच्या तळापर्यंत वाकावं लागतं का, हे त्या बघायच्या. "मे महिन्यात जिथं तांब्या भरून येतो, तिथं भाडेकरू टिकतो," असं त्यांचं म्हणणं. प्लॉट विकणारा काय सांगतो तेही त्या ऐकून घ्यायच्या, पण पाणी पिऊन झाल्यावर.

वसमतला त्यांच्या सहा खोल्या होत्या. चौथ्या खोलीत मी आणि माझी मैत्रीण तीन वर्षं राहिलो. सिस्टर मूळच्या डोंगरकडा गावच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर होऊन वसमतला राहिल्या. गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा भाड्याच्या करारावर वाचलं. तो करार त्यांनी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि सही करायचा तो माझा पहिलाच कागद. मी घाईनं पेन उघडलं तर म्हणाल्या, "आधी वाच. कळलं न्हाई ते विचार. मला काही गाडी पकडायची न्हाई." दोन पानं वाचायला आम्हाला तासभर लागला. 'पूर्वसूचना' म्हणजे काय हे मी तेव्हा विचारलं. विचारायची लाज वाटली होती, हेही आठवतं.

त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली होती आणि ती त्या प्रत्येकाला सांगायच्या. पहिल्या चार खोल्या त्यांनी साखर कारखान्याच्या रस्त्याला बांधल्या होत्या. हंगाम सुरू झाला की चारी खोल्या भरायच्या. पुढं एका वर्षी ऊसच नव्हता, हंगाम दोन महिन्यांत आटोपला आणि चारी खोल्यांना एकाच आठवड्यात कुलूप लागलं. "समदे पेशंट एकाच आजाराचे भरती केले मी," त्या म्हणायच्या. त्या खोल्या विकून त्यांनी या सहा बांधल्या, आणि मग एकाच धंद्याची दोन घरं कधी ठेवली नाहीत. आमच्या रांगेत एक शिक्षक होते, एक हळदीच्या मोंढ्यातला मापाडी, एक बँकेतली बाई, एक गॅरेजवाला आणि एक एसटीचा कंडक्टर. एकदा दुसऱ्या दोन कॉलेजच्या मुली खोली मागायला आल्या, तर मधली एक खोली रिकामी असूनही सिस्टरांनी त्यांना पुढच्या गल्लीत पाठवलं. मला ते तेव्हा फार विचित्र वाटलं.

हिशोबात त्या वर्ष दहाच महिन्यांचं धरायच्या. दोन महिने खोली रिकामी राहणार, नळ गळणार, रंग द्यावा लागणार, हे आधीच गृहीत. "बारा महिन्याच्या भाड्यावर कर्ज काढणारा माणूस अकराव्या महिन्यात बीपी तपासायला येतो. मी तपासलेत असे."

माझं तिसरं वर्ष चालू असताना बानं साठातल्या चाळीस मेंढ्या विकल्या. आमचं गाव याच जिल्ह्यातल्या गोरेगावजवळ. बाचा गुडघा धरला होता, चराईच्या जागा कमी झाल्या होत्या, आणि माझ्यामागं कळप सांभाळणारं घरात कोणी नव्हतं. त्या पैशात वसमतच्या बाहेर एक प्लॉट घ्यायचा, दोन खोल्या काढायच्या आणि त्या भाड्यात माझं बीएड करायचं, असं मामानं ठरवलं होतं. मामा हळदीच्या आडतीत कामाला, त्याला गावात चार माणसं ओळखतात. इसार देऊन झाला होता. सोमवारी बाकीची रक्कम द्यायची होती. ती गेली असती आणि जागा फसली असती, तर माझं शिकणं तिथंच संपलं असतं. तसं कोणी म्हणालं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

मे महिना होता. शनिवारी मी भीतभीत सिस्टरांना सांगितलं. त्यांनी लगेच चपला घातल्या.

मामा आणि बा प्लॉटवर आले होते. तिथं आसपास आम्ही तीन घरी पाणी मागितलं. दोन घरी अर्धा पेला आला. तिसऱ्या घरची बाई म्हणाली, "टँकर आठ दिवसाला येतो, बाई. जपून प्या." सिस्टरांनी मामाकडं सातबारा मागितला. त्यावर बारा जणांची नावं होती.

मामा चिडला. "सिस्टर, तुमी सुई टोचा. जमिनीचं आमाला कळतं. उद्या इथून रोड जाऊन राहिला, भाव कुठल्या कुठं जाईल."

"जाईल ना. तवर भाडेकरू पाणी कुठून आणील?"

"बोअर घेऊ की."

सिस्टर बाच्याकडं वळल्या. बा सगळ्यांच्या मागं, हात मागे बांधून उभा होता. शहरातल्या माणसांसमोर तो तसाच उभा राहतो.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुमी इथं मेंढरं बसवसाल का?"

बानं खाली बघितलं. पायानं माती उकरली, थोडा पुढं गेला, वाळलेल्या गवताचा एक झुबका उपटून मुळं बघितली आणि परत आला.

"न्हाई," तो म्हणाला. "हा लव्हाळा हाय. पावसाळ्यात इथं पाणी साचते. मेंढरं बसवली तं खुरं सडतेत."

"मग माणसं काहून बसवून राहिलेत?"

मामा म्हणाला, "दाजी, माणसाला खुरं असतेत का?" बा म्हणाला, "आपल्याले नको ही जागा." त्याला मामासमोर नाही म्हणताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

इसार बुडाला. मामा वर्षभर आमच्याकडं आला नाही. त्या प्लॉटवर आता घरं झालीत म्हणतात. तिथं पाणी साचतं की नाही हे मी बघायला गेले नाही, आणि मामाला विचारायची हिंमत झाली नाही.

पुढं बानं गोरेगावातच बाजारामागं एक लहान जागा धरली. विहीर जवळ, सातबारावर एकच नाव, आणि बदलून आलेल्या मास्तरांना गावात खोली मिळत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यानं फोन करून सिस्टरांना बघायला बोलावलं. त्यांना तेव्हा दम लागायचा. म्हणाल्या, "तुमी पाहिली ना? मग झालं. मला काहून विचारून राहिले?" मला वाटतं बाला ते थोडं लागलं. त्याला त्यांना जागा दाखवायची होती.

आमच्या खोल्यांचा स्लॅब टाकला त्या महिन्यात सिस्टर गेल्या. पुण्यानुमोदनाला बा माझ्यासोबत वसमतला आला. बुद्धवंदना झाली, मग एकेक माणूस उठून बोलू लागला. दवाखान्यातले लोक बोलले, कंडक्टर बोलला. मला बोलायचं होतं, कागदावर लिहूनही आणलं होतं, पण उठता आलं नाही. बा उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो माणसांसमोर बोलत होता. त्यानं पटका काढून हातात धरला.

"मी मेंढक्या माणूस," तो म्हणाला. "समदे मले सांगतेत. सावकारानं सांगितलं, साल्यानं सांगितलं, पोरगीबी आता सांगते. ह्या बाईनं मले विचारलं."

त्यानं पटका परत डोक्याला गुंडाळला. मग खाली बसला.