ट्रेमध्ये सांडलेलं खाद्य

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत अमीरबी अकरा वर्षं उंदरांना खाऊ घालायची. पिंजरे मी धुवायचो. ती औशाहून पहिल्या एसटीनं यायची. साडेसातला तिचा तराजू सुरू व्हायचा.

त्या वर्षी फरसाणात घालायच्या एका नव्या रंगाची तपासणी चालू होती. रंग खाद्यात मिसळून उंदरांना द्यायचा. पोटात किती गेला, लघवी-लेंड्यांतून किती बाहेर आला, उरलेल्याचं शरीरानं काय केलं, हे बघायचं. दिलेलं खाद्य तोलणं सोपं. पण जास्त रंगाचं खाद्य उंदरांना नको असायचं. ते पायानं उकरून खालच्या ट्रेमध्ये पाडायचे. अमीरबी ते चिमट्यानं लेंड्यांतून वेगळं काढायची, वाळवायची, तोलायची, वहीत लिहायची. एका पिंजऱ्याला दहा मिनिटं. पिंजरे चोवीस. एकही आकडा तिनं अंदाजानं लिहिला नाही.

रविकिरण साहेब मुखेडचे. शिकाऊ म्हणून आले तेव्हा उंदीर त्यांना चावायचे. उंदीर कसा धरायचा ते अमीरबीनं दाखवलं. साहेब तिला मावशी म्हणायचे, तिच्या डब्यातली भाकरी खायचे.

नव्वद दिवस संपले. साहेबांनी नवं रजिस्टर तिच्यापुढं सहीला ठेवलं. तिनं पानं उलटली. ‘सांडलेलं’ या रकान्यात सगळीकडं शून्य.

“रवी बेटा, हे काय? जास्त रंगाचं निम्मं तर खाली पडायलं होतं.”

“मावशी, तुम्ही लई बारीक बघता. दिलं म्हणजे खाल्लं.”

“तुझ्या लेकीनं ताट ढकलून दिलं, तर ती जेवली म्हणशील का?”

साहेब हसले. “सोमवारी अहवाल द्यायचाय. करा सही.”

“मग जो रंग ट्रेमध्ये पडला, त्याचं काय लिहिलंस?”

“शरीरात पचला.”

“कुणाच्या?”

तिनं सही केली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या खणात वही नव्हती. तिनं साहेबांना विचारलं.

“कसली वही, अमीरबी?” साहेब म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली.

साहेबांनी मान वर केली नाही.

दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि रजिस्टरातल्या सहीच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. मी सही केली. अहवाल गेला. एवढा रंग रोज खाल्ला तरी काही होत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

संध्याकाळी अमीरबी नळापाशी आली.

“अण्णाराव, तुम्ही एक तरी ट्रे तोलला होता का?”

“न्हाई.”

“मग सही कशाची केली?”

तिनं हातमोजे काढले, उलटे करून धुतले, दोरीवर वाळत घातले आणि गेली. परत आली नाही.